दांडा कुणाच्या लाकडाचा?

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण आपण सगळ्यांनी शाळेत 'वाक्यात उपयोग करा' या सदराखाली उरकून टाकलेली असते. दोन मार्क मिळाले, म्हण निकालात. अर्थ सोपाच आहे. कुऱ्हाडीचं पातं एकटं झाडाचं काही वाकडं करू शकत नाही, त्याला दांडा लागतो, तो झाडच देतं आणि मग तोच दांडा स्वतःच्या गोतावळ्यावर चालून जातो. घरभेद्याला, फितुराला, भावाची जमीन लाटणाऱ्या भावाला लावायला म्हण एकदम चपखल.

पण कर्जत-खालापूर भागातल्या कुऱ्हाडींचा इतिहास चाळायला लागलं, की या म्हणीत दांड्यावर थोडा अन्यायच झालाय असं वाटू लागतं. सगळा दोष लाकडाच्या त्या हातभर तुकड्यावर. तो तुकडा कुणी कापला, कुठून आणला, आणायची मुभा होती का, आणि दांडा धरणारा हात कुणाच्या हुकमाने चालत होता, याबद्दल म्हण चकार शब्द काढत नाही. आज त्याबद्दलच लिहितोय.

विषय डोक्यात शिरायला निमित्त झालं अमेरिकेतल्या आतेभावाचं. तिकडे हल्ली कुऱ्हाड फेकायचे क्लब निघालेत. लाकडाच्या फळ्यांवर गोल काढलेले असतात, ठरावीक अंतरावरून कुऱ्हाड फेकायची, ती गिरकी घेत जाऊन पात्याने रुतली पाहिजे. हा पठ्ठ्या शनिवारी तिथे टॉमहॉक फेकतो. फेकून फेकून दांडा तुटतो (नेम चुकला की दांडाच आधी आपटतो), मग नवा करावा लागतो. त्याने विचारलं, "आपल्याकडे गावाला दांड्याला कुठलं लाकूड वापरायचे रे?"

आता आपल्याकडे फेकलेली कुऱ्हाड म्हणाल तर एकच, परशुरामाची. सह्याद्रीवरून ती फेकली आणि समुद्र मागे हटून कोकण वर आलं. (काही कथांत परशूऐवजी बाण आहे. पण परशुरामाच्या हातून परशू गेलेलाच शोभून दिसतो :) ) त्यानंतर कोकणात कुऱ्हाड फेकायची चैन कुणी केल्याचं ऐकिवात नाही. ती खांद्यावर न्यायची, काम झालं की खांद्यावरूनच परत आणायची. पण आतेभावाच्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे, ते आधी देतो.

दांड्याला पहिली पसंती धामणीची. धामण हे आपल्या पानझडी रानातलं मध्यम उंचीचं झाड. बारकी आंबटगोड फळं येतात, सालीचे दोर वळतात. लाकूड चिवट आणि लवचीक. संस्कृतात या झाडाचं नाव 'धन्वन', धनुष्याशी नातं सांगणारं, आणि धनुष्यं याची खरोखरच करत. कावडीचा दांडाही धामणीचा. म्हणजे वाकावं पण मोडू नये, अशी जिथे गरज तिथे धामण. कुऱ्हाडीच्या दांड्याला नेमकं हेच हवं असतं. नुसतं कठीण लाकूड चालत नाही. खैर धामणीपेक्षा कितीतरी कठीण, मुसळाला उत्तम, पण दांडा खैराचा केलात तर प्रत्येक घावाचा हिसका थेट मनगटात येतो. धामण तो हिसका वाटेत थोडा पिऊन टाकते. अमेरिकेत हेच काम हिकरी नावाचं झाड करतं. धामण नसेल तर तिवस. देशावर बाभूळ. ज्याच्या रानात जे असेल ते.

आमच्या गावाजवळच्या ठाकरवाडीतले एक म्हातारे बाबा लहानपणी आमच्याकडे अवजारांचे दांडे बसवून द्यायला यायचे. त्यांची पद्धत लक्षात राहिलीय. लाकूड पावसाळ्यात तोडायचं नाही. थंडी पडली, पानं गळायला लागली की तोडायचं. मनगटापेक्षा थोडं जाड, सरळ वाढलेलं, गाठ नसलेलं. गाठीवर दांडा हमखास मोडतो. जाड ओंडका असेल तर करवतीने कापायचा नाही, पाचर मारून उभा फाडायचा. करवत सरळ रेषेत जाते, लाकडाचे धागे सरळ असतातच असं नाही, मग कापलेल्या दांड्यात धागे मध्येच तुटतात. फाडलेल्यात ते या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतात. साल काढायची आणि चुलीच्या वर माळ्यावर ठेवून द्यायचं. धुराने सावकाश सुकतं, कीड लागत नाही. उन्हात टाकलं की चिरा पडल्याच. मग दोन-तीन महिन्यांनी कोयत्याने आणि वाकसाने तासायचं, शेवटी फुटक्या काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत करायचं आणि तेल पाजायचं.

मग बसवणं. कुऱ्हाडीच्या पात्याला दांड्यासाठी जे भोक असतं त्याला नेढं म्हणतात. सुईचं नेढं, कुऱ्हाडीचं नेढं, आणि डोंगराला आरपार भोक असलं तर तेही नेढंच. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाचं नेढं ट्रेकर मंडळींना माहीत असेलच. दांडा नेढ्यात बसवायच्या दोन रीती आहेत. एक, दांडा खालून घालायचा आणि वरच्या टोकाला चीर देऊन तिच्यात पाचर ठोकायची. म्हणजे टोक फुगतं आणि पातं निसटत नाही. दुसरी, दांड्याचं एक टोक जाड ठेवायचं आणि बारीक टोक वरून नेढ्यात सोडून दांडा खाली ओढून घ्यायचा, टिकावाला करतात तसा. पातं जाड टोकाशी येऊन अडकतं. जितकी कुऱ्हाड फिरवाल तितकं पातं बाहेरच्या बाजूला ओढलं जातं आणि आणखी घट्ट बसतं. पाचर नाही, खिळा नाही. दांडा मोडला तर जिथे असाल तिथे नवा घालता येतो.

आतेभावाच्या टॉमहॉकचा दांडा याच दुसऱ्या रीतीने बसतो! मला याची फार गंमत वाटली. टॉमहॉक हा शब्द मुळात व्हर्जिनियातल्या मूळ रहिवाशांचा, अल्गोंक्वियन भाषाकुळातला. १७व्या शतकाच्या सुरुवातीला तिथे उतरलेल्या इंग्रजांनी तो उचलला. त्याआधी त्या लोकांच्या कुऱ्हाडी दगडाच्या असत. लोखंडी पाती गोऱ्या व्यापाऱ्यांनी नेली आणि त्यांच्या बदल्यात जनावरांची कातडी घेतली. पातं व्यापाऱ्याचं, दांडा मात्र आपल्या रानातला. पातं वर्षानुवर्षं टिकतं, दांडा मोडतो, म्हणून दांड्यासाठी परत परत रानात जावं लागतं. आणि एक दिवस रानच दुसऱ्याचं झालेलं असतं.

हे शेवटचं वाक्य अमेरिकेबद्दल लिहिलं खरं, पण ते कर्जतलाही तसंच लागू आहे.

आपल्याकडे पातं यायचं लोहाराकडून. बारा बलुत्यांत लोहार आणि सुतार दोघेही होते. लोहाराने पातं घडवायचं, सुताराने दांडा घालायचा, शेतकऱ्याने सुगीला दोघांना धान्य द्यायचं. लाकूड मात्र शेतकऱ्याने आणून द्यायचं. वाड्यांवरचे ठाकर आणि कातकरी या बलुत्याच्या वर्तुळाच्या बाहेरच. ते पातं रोकडीने किंवा लाकूडफाटा, मध असं काही देऊन घ्यायचे आणि दांडा स्वतःच करायचे. म्हणजे दोन्हीकडे दांड्याचा प्रश्न एकच, रानात जायला आडकाठी नाही ना?

जुन्या काळी रान सगळ्यांना मोकळं होतं, असं म्हणण्यात फार अर्थ नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १८व्या शतकाच्या सुरुवातीला, आरमारासाठी लाकूड कुठून आणि कसं तोडावं याचे नियम आहेत. सागासारखी झाडं परवानगीने तोडावीत, आंबा-फणसाला हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात, असा त्याचा मतितार्थ. तेव्हा मोठ्या लाकडावर राज्याचा डोळा होताच. पण मनगटाएवढ्या धामणीकडे बघायला राज्याला सवड नव्हती.

ती सवड इंग्रजांनी काढली. मुंबई इलाख्यात १८४७ साली वनखातं सुरू झालं, डॉ. अलेक्झांडर गिब्सन पहिले वनसंरक्षक. हे गृहस्थ डॉक्टर आणि वनस्पतीशास्त्रज्ञ. झाडं तोडल्याने झरे आटतात, पाऊसपाण्यावर परिणाम होतो, हे त्या काळात सांगणाऱ्यांपैकी एक. तेव्हा सगळंच लबाडीचं होतं असं नाही. पण त्याच सुमाराला रेल्वे आली. १८५६ मध्ये गाडी खोपोलीपर्यंत पोचली आणि त्याच वर्षी बोरघाटाचं काम सुरू झालं, ते १८६३ साली संपलं. रुळांखाली स्लीपर, बांधकामाला लाकूड, कामगारांना जळण. कर्जत-खालापूर या सगळ्याच्या अगदी तोंडाशी. पुढे १८६५ चा वन कायदा आला, मग १८७८ चा जास्त कडक, आणि शेवटी १९२७ चा, जो सुधारणांसह अजून चालू आहे. १८७८ च्या कायद्याने रानाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन प्रकार केले. राखीव म्हणजे मुभा दिल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

१८८२ सालचं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर उघडलंत तर त्यात कर्जत तालुका आणि त्याच्या पोटातला खालापूर पेटा सापडतो. (हे तालुके नंतर कुलाब्यात गेले, आणि १९८१ साली कुलाब्याचा रायगड झाला.) त्याच दशकात ठाणे-कुलाब्यात वनखात्याविरुद्ध एवढी ओरड झाली की सरकारला १८८५ साली चौकशीसाठी बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ चा. तक्रारींत मोठी तक्रार राबाची. भाताचं रोप टाकायच्या आधी वाफ्यावर झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत पसरून जाळायचं, याला राब म्हणतात. ऐनाच्या फांद्या तोडायच्या, झाड जगू द्यायचं, पुढच्या वर्षी परत फांद्या. आता फांदी तोडणं गुन्हा ठरला तर भात कसं लावायचं? साहेबाच्या लेखी झाडाची नासाडी, शेतकऱ्याच्या लेखी भाताची सुरुवात. दोन्ही ठिकाणी कुऱ्हाड तीच.

१९२७ चा कायदा जरा जवळून बघा. त्यात 'वनउपज' कशाला म्हणायचं याची यादी आहे. तिचे दोन भाग आहेत. काही वस्तू रानातून आल्या तरच वनउपज. आणि काही वस्तू रानातल्या असोत वा नसोत, वनउपजच! या दुसऱ्या यादीत सुरुवातीलाच इमारती लाकूड आहे, कोळसा आहे आणि कात आहे.

कात आणि कोळसा! कातकऱ्यांचे दोन धंदे कायद्याच्या एकाच ओळीत. कातकरी, काथोडी ही नावंच काताची. खैराच्या लाकडाचा आतला लाल गाभा काढायचा, त्याच्या चिपा करायच्या, मडक्यांतून उकळायच्या, अर्क आटवायचा, कात तयार. मुंबई-पुण्याच्या विड्यातला लाल रंग या लोकांच्या भट्ट्यांतून यायचा. खैर राखीव झाला आणि जमातीचं नाव तेवढं उरलं, धंदा गेला.

मग आला कोळसा. रानाचे तुकडे पाडायचे, त्यांना कूप म्हणतात. कूप लिलावात ठेकेदाराने घ्यायचा. मोठं लाकूड वखारीत, बारीकसारीक लाकडाचा कोळसा. कोळसा पाडणारे कातकरी. लाकडं रचून, पाल्याने आणि मातीने लिंपून, भट्टी पेटवून दिवसचे दिवस तिच्याशी बसून राहायचं. भोक पडलं आणि आत हवा गेली की सगळ्याची राख, म्हणून रात्रीचीही झोप नाही. मुंबईतल्या शेगड्या, परटाची इस्त्री, लोहाराची भट्टी, आणि दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी, या सगळ्यांना कोळसा हवा होता. लोहाराच्या भट्टीवरून आठवलं, कुऱ्हाडीने लाकूड तोडायचं, त्याचा कोळसा करायचा आणि त्याच कोळशावर पुढची कुऱ्हाड तापवून घडवायची. असं ते चक्र.

आता आपल्या म्हणीकडे बघा. रान तोडणाऱ्या माणसाचा गोतावळा कुठला? तेच रान. कंद, मध, मासे, शिकार, पावसाळ्यातल्या रानभाज्या, सगळं तिथलंच. आणि त्या रानावर कुऱ्हाड चालवणारा हातही त्याचाच. म्हण इथे हुबेहूब लागू पडते. पण कूप लिलावात घेतला ठेकेदाराने. तोडायची परवानगी दिली सरकारने. कोळसा जाळला मुंबईने. कातकऱ्याला मिळाली पावसाळ्याच्या तोंडाला घेतलेली उचल, जी फिटता फिटत नसे. म्हणजे कातकरी पातंही नव्हता आणि धरणारा हातही नव्हता. तो दांडा होता. वापरायचा, मोडला की दुसरा घालायचा. आणि रान गेलं की गावात बोलायचं, "या लोकांनीच तोडून संपवलं."

कायद्याचं आणखी एक कलम दांड्याशी थेट संबंधित आहे. वनगुन्हा झाल्याचा संशय आला की उपज तर जप्त करता येतेच, त्याबरोबर वापरलेली अवजारं, बैलगाड्या, गुरंही जप्त करता येतात. कुऱ्हाड जप्त! ठेकेदाराला याने काही फरक पडत नाही. ज्याच्याकडे एकच कुऱ्हाड आहे त्याचं मात्र घर बसतं. वाड्यांवर एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं, "गार्डानं कोयता नेला." कमरेच्या आकडीत अडकवलेला कोयता म्हणजे त्या माणसाचा उजवा हात. तो सोडवायला मग कोंबडी द्या, चार दिवस फुकट राबा, हे ओघानं आलंच.

गंमत अशी की रानात सरकारचंही एक दांड्याचं अवजार फिरत असे, खुणेचा हातोडा. तोडायच्या झाडावर, कापलेल्या ओंडक्यावर त्याने शिक्का उठवायचा. शिक्का असलेलं लाकूड कायदेशीर, नसलेलं चोरीचं. शिक्क्याची नक्कल केली तर दोन वर्षांपर्यंत कैद. त्या हातोड्यालाही दांडा लाकडाचाच असणार, पण त्याला 'गोतास काळ' कुणी म्हटल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

असो. लोकांनी हे सगळं मुकाट सोसलं असंही नाही. १९३० साली सविनय कायदेभंग सुरू झाला तेव्हा समुद्रकाठी मीठ उचललं गेलं आणि जिथे समुद्र नाही तिथे रानात कुऱ्हाड आणि विळा उचलला गेला. जंगल सत्याग्रह. आमच्या जिल्ह्यातला सर्वात मोठा प्रसंग चिरनेरचा, आताच्या उरण तालुक्यातला. २५ सप्टेंबर १९३० ला लोक अक्कादेवीच्या रानात जमले, गोळीबार झाला, ८ सत्याग्रही गेले. त्यांतले एक नाग्या कातकरी. या सत्याग्रहात कायदा मोडायचा म्हणजे काय करायचं होतं? रानातली फांदी तोडायची, बस्स. जी गोष्ट त्यांच्या आज्याने रोज केली तीच. कोयता तोच, फांदी तीच, मधे फक्त कायदा आलेला.

कर्जत भागात पुढचं पर्व १९४२ चं. माथेरानला जन्मलेले भाई कोतवाल पेशाने वकील. दुष्काळी दिवसांत त्यांनी शेतकरी आणि आदिवासींसाठी धान्यकोठ्या काढल्या होत्या, कारण सावकाराच्या तावडीतून सुटायचं तर पावसाळ्यात घरात दाणा हवा हे त्यांना कळलेलं होतं. बेचाळीसच्या आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता उभारला. खोपोलीला १९१५ पासून आणि भिवपुरीला १९२२ पासून टाटांची वीजकेंद्रं चालू होती, त्यांची वीज तारांवरून मुंबईला जायची. दस्त्याने त्या तारांचे मनोरे पाडले. लोखंडाचे मनोरे, तिथे कुऱ्हाडीचं काम नाही, करवतीचं. पण त्यांना लपवलं, वाटा दाखवल्या, भाकरी पोचवली ती याच डोंगरातल्या माणसांनी. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. वर्षानुवर्षं रान तोडून मुंबईला कोळसा गेला, पाणी अडवून मुंबईला वीज गेली. मनोरा कोसळला तेव्हा या डोंगराकडे मुंबईचं लक्ष गेलं असेल तर तेवढंच.

स्वातंत्र्यानंतर कायदे बदलले, काही चांगलेही झाले. १९४७ पासून मुंबई राज्यात जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या, कूप ठेकेदाराऐवजी कामगारांच्याच संस्थेला मिळावा म्हणून. १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायदा आला, त्याप्रमाणे खैर, साग, ऐन, तिवस अशी झाडं स्वतःच्या जमिनीतलीसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. दांड्यासाठी दुसऱ्या पसंतीचा जो तिवस मी वर सांगितला, तोही त्या यादीत. १९७६ साली वेठबिगारी कायद्याने बंद झाली. घराघरांत रॉकेल आणि गॅस आला, कोळशाची शहरातली मागणी ओसरली. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर किंवा देशावरच्या कोळसाभट्ट्यांवर जाऊ लागली. उचल मात्र कायम राहिली. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती सरकारदरबारी विशेष दुर्बल गटात धरल्या जातात त्यांत कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरी आहेत.

मग आला २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या उद्देशिकेतच आदिवासींवर झालेल्या 'ऐतिहासिक अन्याया'चा उल्लेख आहे. सरकारी कागदावर असा शब्द छापून येणं साधी गोष्ट नाही. या कायद्याने बांबू, काटक्या, मध, डिंक, कंद अशा गौण वनउपजांवर मालकी दिली. इमारती लाकूड त्यात नाही. पण निस्तार, म्हणजे गावाच्या रोजच्या गरजेपुरतं रानातून घ्यायची जुनी वहिवाट, हा सामूहिक हक्क म्हणून मान्य केला. कुऱ्हाडीचा दांडा यात बसायला हरकत नसावी. म्हणजे १८७८ साली बंद झालेला दरवाजा, मनगटाएवढ्या धामणीपुरता का होईना, किलकिला झाला. तोवर १२८ वर्षं गेली होती.

तोवर कर्जत-खालापूरही बदललं होतं. एक्सप्रेसवे झाला, डोंगरउतारांवर फार्महाउस, रिसॉर्ट, प्लॉटिंग. वरकस जमिनी विकल्या गेल्या. कुऱ्हाडीने आठ दिवस लागायचे ते काम जेसीबी दुपारच्या जेवणाआधी उरकतो. त्याचा दांडा कुठल्या लाकडाचा हे विचारायची सोय नाही. पाती आजही खेडोपाडी ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांची घडवतात, चांगलं पोलाद असतं. दांड्याच्या जागी मात्र कधी लोखंडी पाइपच वेल्ड केलेला दिसतो. मोडत नाही, स्वस्तात पडतो, परवानगी लागत नाही. फक्त प्रत्येक घाव हाताला झिणझिण्या आणतो. दिवसभर वापरणाऱ्याला विचारा.

आणि जिथे यंत्र पोचत नाही तिथे अजून दांडाच लागतो. वर इर्शाळगडाच्या नेढ्याचा उल्लेख केला. त्या गडाच्या कुशीत ठाकरांची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली आणि वाडीचा बराच भाग गाडला गेला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. वर गाडीरस्ता नव्हता, मोठी यंत्रं नेता येईनात. माणसं पावसात, चिखलात चढून गेली आणि कुदळी, फावडी घेऊन हातांनी उकरत राहिली. त्या चार दिवसांत दांडा गोतास काळ नव्हता. गोताला शोधायला दुसरं काही नव्हतंच.

म्हणून मला वाटतं, ही म्हण वापरायला हरकत नाही, पण ती अर्धीच आहे हे लक्षात ठेवावं. दांडा स्वतःहून कुणाच्या मुळावर उठत नाही. त्याला कुणीतरी तोडतं, तासतं, नेढ्यात घालतं आणि उगारतं. इतिहासात आपण तोडलेलं झाड बघतो, फार तर पात्याची धार बघतो. धरणारा हात कुणाचा आणि त्याला पैसे देणारा कोण, हे शोधायला कागद चाळावे लागतात. ठाणे-कुलाब्याचे कागद तरी सांगतात की तो हात बहुतेक वेळा रानापासून पुष्कळ लांब, शहरात असायचा. त्यात आपल्याच पणजोबा-पणजींची शेगडीही आली.

ठाकरवाडीतले बाबा दांडा बसवून झाला की कुऱ्हाड आधी मालकाच्या हातात द्यायचे, लगेच लाकडावर चालवू द्यायचे नाहीत. "आधी नुसती धरून बघ. हाताला लागली तर परत तासतो." तुमच्या गावाकडे दांड्याला कुठलं लाकूड वापरत, आणि ते कुठून आणत, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा आणि मला जरूर कळवा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर चटकन मिळेल. दुसऱ्याला बहुधा थोडा वेळ लागेल.